जगायला लागतं तेवढं

माझ्या घरात आजवर इतके लोक आले-गेले, पण उंबऱ्यावर बसणारा माणूस एकच. खुर्ची दिली तरी नको, सतरंजी अंथरली तरी नको. एक पाय आत, एक पाय बाहेर आणि मांडीवर वही. आमच्या सासूबाईंना ते बघून घाम फुटायचा. उंबऱ्यावर बसलं की घरात अवदसा येते, असं त्या मला स्वयंपाकघरात ओढून कानात सांगायच्या. मी म्हणायचे, आता आणखी कुठून येणार, ती तर केव्हाच येऊन राहिलीय.

त्यांचं नाव मला माहीत आहे, पण आमच्या तोंडी ते कधी आलं नाही. आमचे वकील त्यांना बेलिफ म्हणायचे, म्हणून आम्ही बेलिफकाका म्हणायला लागलो. बत्तीस वर्षं त्यांनी कोर्टात बेलिफाची नोकरी केली. बेलिफ म्हणजे कोर्टाचं समन्स घेऊन दारात उभा राहतो तो, आणि पैसे भरले नाहीत तर घरातलं कपाट-फ्रीज जप्त करून टेम्पोत भरायला लावतो तोही. रिटायर झाल्यावर हा माणूस बरोबर उलट्या बाजूला आला. ज्यांचं दिवाळं निघालं त्यांच्या घरी जायचं, आणि या घराला जगायला किती लागतं याची यादी कोर्टासाठी करून द्यायची. वकिलांकडून चार पैसे मिळत असतील. आमच्याकडून त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नाही.

मागच्या वर्षी ते गेले. मी कुणाकुणाला त्यांच्या गोष्टी सांगते, लोक हसतात. हसू दे. ज्यांच्या दारावर कधी तशी थाप पडली नाही त्यांना बेलिफकाका गमतीचेच वाटणार.

आम्ही भिंगारचे. माझं माहेर सोनईचं. आमच्या ह्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. पाचशे खुर्च्या, स्टेज, लायटिंग, स्वतःचा टेम्पो, सगळं होतं. नगर म्हणा, अहिल्यानगर म्हणा, आसपासच्या वीस गावांत आमचा मंडप पडायचा. मग लॉकडाऊन आलं, आणि दोन वर्षं लग्नं पन्नास माणसांत उरकायला लागली. पन्नास माणसांना मंडप कशाला लागतो? खुर्च्या विकल्या, लायटिंग विकलं, टेम्पो फायनान्सवाले घेऊन गेले, माझ्या अंगावरचं गेलं. तरी देणं राहिलंच. ज्या व्यापाऱ्यानं मंडपाचं कापड उधारीवर दिलं होतं तो कोर्टात गेला, त्याच्या बाजूनं हुकूमनामा झाला, आणि एके दिवशी नोटीस आली. पैसे न भरल्याबद्दल तुम्हाला दिवाणी तुरुंगात का ठेवू नये, याचं कारण दाखवा.

मी ती नोटीस चार वेळा वाचली. आमचे हे चोर नाहीत, कुणाला फसवलं नाही, उभ्या जन्मात पोलीस स्टेशनची पायरी चढले नाहीत, आणि यांना आत टाकणार. हे तेव्हा एमआयडीसीत वॉचमनची नोकरी करत होते, मी ब्लाउज शिवत होते. बीपी त्यांना आधीपासून होता. आत गेले तर हा माणूस चार दिवसही काढणार नाही, हे माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

तेव्हापासून घराची तऱ्हाच बदलली. गल्लीत अनोळखी मोटारसायकल थांबली की हे मागच्या दारानं मोरीकडं जाऊन उभे राहायचे. मोबाईल वाजला की तिघंही एकमेकांकडं बघायचो, उचलायचं कुणी नाही. ह्यांच्या चपला आम्ही दाराबाहेर ठेवायचं बंद केलं, म्हणजे आलेल्याला हे घरात आहेत ते कळू नये. बेलिफकाका पहिल्यांदा आले तेव्हा अजून उंबऱ्यावर टेकलेही नव्हते, तोवर म्हणाले, "पक्षकारांच्या चपला आत आहेत. घाबरलेल्या घरात चपला आत असतात. बाहेर ठेवा, मी आता सरकारी माणूस नाही."

पक्षकार हा त्यांचा लाडका शब्द. हे पक्षकार, मी पक्षकारीण, सासूबाई थोरल्या पक्षकारीण. दारात भंगारवाला आला तर त्यालाही, "पक्षकार, जरा वेळानं या."

वकिलांनी आम्हाला आधी समजावलं होतं. आपण नादारीचा अर्ज करतोय. त्यावर कोर्टाचा निकाल लागेपर्यंत अटक होणार नाही, असं संरक्षण मिळालंय. पण न्यायाधीशांना घरखर्चाचा खरा हिशेब लागतो. मिळतं किती, जगायला लागतं किती, उरतं किती. उरेल ते ज्याचं देणं आहे त्याला दरमहा जाणार. "कमी लिहाल तर उपाशी राहाल," वकील म्हणाले होते, "आणि जास्त लिहून पकडले गेलात, तर कोर्टाशी खोटं बोलला म्हणून संरक्षण जाईल. मग यांना उचलतील. म्हणून बेलिफला पाठवतोय. तो माणूस विक्षिप्त आहे, पण त्याची यादी कोर्टात टिकते."

विक्षिप्त म्हणजे किती, ते आल्यावर कळलं. त्यांच्या पिशवीत स्प्रिंगचा काटा असायचा, भंगारवाल्याकडं असतो तसला, हुक लावायचा. महिन्याला पीठ किती लागतं, असं त्यांनी मला विचारलंच नाही. पिठाचा डबा काट्याला लटकवला, आकडा लिहिला, आणि म्हणाले आठ दिवसांनी येतो, तोवर दळण आणू नका. तेलाच्या किटलीचंही तसंच. गॅसच्या टाकीवर खडूनं तारीख घातली. टूथपेस्ट कुठवर मुडपलीय ते बघितलं, ह्यांच्या चपलेचे तळ बघितले, माझ्या शिलाई मशीनचा पट्टा ओढून बघितला. "तोंडाला विचारलं की तोंड लाजतं नाहीतर फुगतं," म्हणाले, "डब्याला लाज नसते."

त्यांच्या वहीत तीन रकाने होते. लागतं, आवडतं, मिरवतं. प्रत्येक खर्च कुठल्यातरी एका रकान्यात गेलाच पाहिजे, आणि त्यावर ते वकिलासारखे भांडायचे. चहा मी आवडतंमध्ये घाला म्हणाले. ते म्हणाले, "रात्रपाळीच्या वॉचमनचा चहा आवड नसतो. लागतं." लग्नातल्या आहेराचं मी सांगितलंच नाही. दिवाळं निघालेल्यांनी कसला आहेर करायचा, हीच लाज. त्यांनी स्वतःहून विचारलं. मी म्हटलं, ते मिरवतंमध्ये जाईल. तर एवढे चिडले की पेन्सिल आपटली. "पक्षकारीण, तुम्ही कुणाच्या लग्नात रिकाम्या हातानं गेलात, तर उद्या तुमच्या दारात मयत झाली तरी खांदा द्यायला माणूस यायचा नाही. लागतं. कोर्ट कापेल कदाचित, पण कापायला कागदावर असलं पाहिजे."

सगळ्यात मोठी लढाई झाली ती मिश्रीवरून. सासूबाई सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा ते ठाऊक आहे. पण कोर्टाच्या कागदावर मिश्री लिहायची म्हटल्यावर त्या पदर खोचून उभ्या राहिल्या.

"म्या न्हाई लावत. कवाच सोडली."

"आजी, तुमच्या डाव्या हाताचा तळवा दाखवा," काका म्हणाले.

"कशापायी दावू? तू काय ज्योतिषी हायेस का?"

"तळवा काळा आहे. समोरच्या वकिलानं विचारलं, आणि तुम्ही नाही म्हणालात, की तुमची ही एक मिश्री सगळी यादी खोटी पाडेल. मग तुमच्या लेकाला आत घालतील. दहा रुपयांच्या पुडीपायी."

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "लिव्ह बाबा. पर पुडी आठ दिस पुरती मला, जास्त लिव्हू नगं." काकांनी मिश्री लागतंमध्ये लिहिली. सत्तर वर्षांची सवय आहे, ती न मिळाली तर म्हातारी जेवणार नाही, हे त्यांचं कारण.

आम्ही हसलो त्या दिवशी. कित्येक महिन्यांनी हसलो असू. आणि त्याच हसण्याच्या भरात त्यांनी विचारलं, "दूध?"

मी म्हटलं, "एक लिटर."

आता हे पुरुषांना समजावून सांगावं लागेल, बायकांना लागणार नाही. आमच्याकडं दूध अर्धा लिटरच यायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून बावीस वर्षं मी ह्यांच्याकडून लिटरचे पैसे घ्यायचे आणि अर्धा लिटर घ्यायचे. चहात थोडं पाणी जास्त, ताक पातळ, भागायचं. उरलेल्या पैशांची गल्लीतल्या बायकांबरोबर भिशी लावायची. हे काही मी नवीन काढलेलं नाही, माझ्या आईनंही हेच केलं. ह्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्या भिशीतून मी वेळोवेळी घरातल्याच अडचणी भागवल्या, कधी माहेरहून आणले म्हणून सांगितलं, कधी शिलाईचे म्हणून. आणि शेवटी उचललेले एक्केचाळीस हजार माझ्याकडं होते. बाजरीच्या कोठीत, तळाशी, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून.

अंगावरचं सोनं काढून दिलं, पण ते पैसे काढले नाहीत. का, म्हणून मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. सगळं गेलं तरी आपल्या हाताशी काहीतरी आहे, एवढ्यावर मी उभी होते. तेही दिलं असतं तर मी आडवी झाले असते.

तर काकांनी दूध विचारलं तेव्हा हे माझ्या शेजारीच बसले होते, आणि बावीस वर्षं जे उत्तर तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं. कोर्टाला फसवायचं माझ्या मनातही नव्हतं. नवऱ्यासमोर दुसरं बोलताच येत नव्हतं.

"एक लिटर?" काकांनी पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी ओट्यावरचं दुधाचं पातेलं उचललं, आत बघितलं, खाली ठेवलं. ते पातेलं अर्ध्या लिटरचंच होतं, उतू जाऊ नये म्हणून वर दोन बोटं जागा, बस. मला पातेलं लपवायचं सुचलं नव्हतं.  काकांनी वहीत एक लिटर लिहिलं, निघाले, आणि हे त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. मी दारात उभी राहून, आता काय होतंय आणि काय नाही, याचा विचार करत राहिले.

आठ दिवसांनी ते परत काटा घेऊन आले. पीठ, तेल, साखर, डाळ, सगळं पुन्हा लटकवून झालं. मग बाजरीच्या कोठीकडं वळले.  कोठी उचलायला हे मदत करत होते, काका काट्याचा आकडा बघत होते, आणि मी मशीनवर बसून एकाच शिवणीवरून पुन्हा पुन्हा सुई चालवत होते. त्या ब्लाउजची बाही मला नंतर सगळी उसवावी लागली.

"यात हात घालून बघत नाही तुम्ही?" ह्यांनी आपलं सहज विचारलं.

"धान्यात हात घालणं मी सोडलंय," काका म्हणाले. मग उंबऱ्यावर बसून त्यांनी कोल्हारकडची एक गोष्ट सांगितली. नोकरीत असताना एका किराणा दुकानदाराच्या घरी जप्तीला गेले होते. घरात काही नव्हतं, पण सवयीनं तांदळाच्या डब्यात हात घातला आणि एक मनगटी घड्याळ लागलं. त्या बाईच्या भावानं दिलेलं, बंद पडलेलं. त्यांनी नोंद केली, करावीच लागते. त्या माणसानं कोर्टात शपथेवर सांगितलं होतं की घरात लपवलेलं काही नाही. समोरच्या वकिलानं तेवढं एक घड्याळ धरलं, माणूस खोटारडा ठरला, तीन महिने आत बसला. "बायकोनं लपवलंय हे त्याला माहीतच नव्हतं. पण सही त्याची होती."

हे सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते, बाहेर रस्त्याकडं बघत होते. तरी मला कळायचं ते कळलं. 

त्यानंतर प्रतिज्ञापत्र टाईप झालं. नगरला कोर्टात जाऊन ह्यांनी त्यावर सही केली. दूध, दररोज एक लिटर. मी शेजारी उभी होते. थांबा म्हणायला तोंड उघडलं, आणि ह्यांनी वर बघून विचारलं, काय गं? मी म्हटलं, काही नाही, चष्मा पुसून घ्या.

तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी काका उलटतपासणीची रंगीत तालीम घ्यायला आले. साक्ष माझी होणार होती, कारण घर मी चालवते. त्या दिवशी ते उंबऱ्यावर टेकलेच नाहीत, सरळ घरात आले, शर्टाची वरची गुंडी लावली आणि समोरचे वकील झाले. आवाजसुद्धा बदलला. मला स्टुलावर उभं केलं. पीठ किती, का, दळण कुठं टाकता, गिरणीवाल्याचं नाव काय. आहेर कुणाला केला, कधी. मी फटाफटा सांगत गेले.

"दूध?"

"एक लिटर."

"कोण घालतो?"

मी गवळ्याचं नाव सांगितलं.

"उद्या त्याला साक्षीला बोलावलं तर चालेल?"

मी आधाराला हात पुढं केला. स्टुलाला धरायलाही काही नव्हतं. काका तसेच माझ्याकडं बघत उभे. इतक्यात हे म्हणाले, "पुरे काका. तिला कशाला एवढं ताणता." मला वाटलं, हे स्वतःच घाबरलेत. काकांनी गुंडी काढली, पिशवी उचलली आणि निघाले.

मी कोथिंबिरीचं निमित्त करून त्यांच्या मागं पळाले. बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानापाशी त्यांना गाठलं. म्हटलं, काका, मला काहीतरी सांगायचंय.

"मला नका सांगू. मी ऐकलं की मला नोंद करावी लागते. बत्तीस वर्षांची खोड आहे."

तरी मी सांगितलं. दूध, भिशी, कोठी, सगळं, तिथं रस्त्यात, रडत. भांडीवाला वजन करता करता थांबला. काका छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिले.

"मी ह्यांना सांगू का आज? त्यांना धक्का बसेल हो. बावीस वर्षं मी..."

"त्यांची काळजी करू नका," ते म्हणाले. "उद्या पिंजऱ्यात काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी दोन्ही बाजूंनी बांधला गेलोय." आणि चालायला लागले. बांधला गेलोय म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही. मनात म्हटलं, काय दगड माणूस आहे. एवढी बाई रस्त्यात रडतेय आणि हा मेला छत्री टेकत चालला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात आमचा पुकारा व्हायला दोन वाजले. समोरचे वकील तरुण होते, आणि फार गोड बोलत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. "ताई, घाबरू नका, घरच्यासारखंच सांगा." पीठ विचारलं. तेल विचारलं. आहेरावरून बराच वेळ घेतला. मग मिश्री वाचली, तेव्हा कोर्टात लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, सासूबाईंचं वय किती? मी सांगितलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. माझे कान फक्त दूध या शब्दाकडं लागले होते. वकिलांनी पान उलटलं, विजेचं बिल विचारलं, मोबाईलचं रिचार्ज विचारलं, आणि म्हणाले, "बस, एवढंच."

त्यांनी दूध विचारलंच नाही.

शिपायानं मला उतरायची खूण केली. मी एक पायरी उतरलेसुद्धा. लोक नंतर म्हणाले, काय धाडस केलंस. कसलं आलंय धाडस. त्या एका पायरीवर माझ्या मनात आलं, की आज सुटले, पण हा कागद इथंच राहणार. पुढच्या तारखेला, त्याच्या पुढच्या तारखेला, कधीतरी कुणीतरी गवळ्याला विचारणार. तोवर मी रोज सकाळी ते पातेलं गॅसवर ठेवणार आणि मरणार. मला ते झेपणार नव्हतं. मी निव्वळ भीतीनं बोलले.

"साहेब, दूध अर्धा लिटर येतं. कागदावर एक लिहिलंय ते माझ्यामुळं. बाकीच्याची मी भिशी लावते. एक्केचाळीस हजार माझ्याकडं आहेत. ह्यांना यातलं काही ठाऊक नाही."

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. समोरचे वकील ताडकन उठले आणि त्यांचा गोडवा कुठल्या कुठं गेला. प्रतिज्ञापत्र खोटं आहे, मालमत्ता लपवलीय, संरक्षण आत्ताच्या आत्ता काढा. न्यायाधीशांनी त्यांना हातानं थांबवलं आणि ह्यांना पुढं बोलावलं.

"तुमची पत्नी म्हणते तुम्हाला माहीत नव्हतं. खरं आहे?"

एक हो म्हटलं असतं तर ह्यांची मान मोकळी होती.  मी मनात म्हणत होते, म्हणा हो, एकदा म्हणा.

"माहीत होतं साहेब," हे म्हणाले.

"माहीत असून सही केलीत?"

"केली."

मला वाटलं, मला वाचवायला खोटं बोलतायत. मी पिंजऱ्यातूनच ओरडले, नाही साहेब, ह्यांना नव्हतं माहीत. शिपायानं मला गप्प केलं. न्यायाधीश किती तरी वेळ लिहीत होते. पंख्याचा आवाज येत होता, आणि मला दारातल्या पोलिसाचा पट्टाच दिसत होता. मग त्यांनी वाचून दाखवलं. पैसे आठ दिवसांत कोर्टात भरा. दुरुस्त प्रतिज्ञापत्र दोघांच्या सहीनं द्या. बाईंनी न विचारता सांगितलं याची नोंद घेतो. संरक्षण काढायचं की नाही ते पुढच्या तारखेला ठरवू, तोवर अटक करायची नाही.

बाहेर व्हरांड्यात काका भिंतीशी उभे होते. मी सरळ त्यांच्या अंगावर गेले. म्हटलं, तुम्ही पातेलं बघितलं होतं, तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं, मग तुम्ही एक का लिहिलंत? अर्धा लिहिला असता तर आज ही वेळ आली नसती. वरून माझ्या नवऱ्याला खोटं बोलायला लागलं.

"ते खोटं नाही बोलले," काका म्हणाले. एरवी खणखणीत बोलणारा माणूस, त्या दिवशी शब्द शोधत होता. "पहिल्याच दिवशी कोपऱ्यावर मी त्यांना सांगितलं, पक्षकार, दूध खोटं आहे, अशी सही कराल तर आत जाल. ते म्हणाले, बावीस वर्षं माहीत आहे मला, गवळ्याचे पैसे कितीदा मीच दिलेत. तिच्याकडं आता तेवढंच राहिलंय, ते तिच्याकडं राहू द्या. जायची वेळ आली तर मी जाईन. माझ्याकडून तसं वचन घेतलं त्यांनी. मी उभ्या आयुष्यात कागदावर जाणूनबुजून खोटं लिहिलं ते हे एकदाच. आणि मग मला झोप लागेना, म्हणून तुम्हाला स्टुलावर उभं केलं."

 हे पलीकडं नोटीस बोर्डाखाली उभे होते. कुणीतरी परक्या घरातला माणूस असावा तसे, नजर खाली घालून. हातात कापडी पिशवी होती. सकाळपासून ती त्यांनी एकदाही खाली ठेवली नव्हती, एसटीतसुद्धा मांडीवर धरून बसले होते. केसचे कागद असतील, असं मी धरून चालले होते. मी जाऊन ती त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि उघडली.

कागद एकही नव्हता. एक लुंगी होती, टॉवेल होता, साबणाची नवी वडी होती, आणि बीपीच्या गोळ्या, मोजून तीन महिन्यांच्या.